भिंतीला बूच

माझ्या ताईचं लग्न एका प्लंबरशी झालं आणि त्यानंतर ती कधी सहलीला गेली नाही. ती वेगवेगळ्या गावांतल्या दुरुस्त्यांना हजर राहिली. समुद्रकिनारी गेले, तर भाऊजींनी लॉजचा फ्लश नीट केला. डोंगरावर गेले, तर शेजारच्या खोलीतल्या अनोळखी कुटुंबाचं तुंबलेलं बेसिन मोकळं केलं. बाकीचे लोक सूर्यास्त बघत असत, तेव्हा ताई बॅटरी धरून उभी असे.

म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला निघण्याआधी तिने सगळ्यांसमोर अट घातली. हत्यारांची पिशवी शेजाऱ्यांकडे राहील. कुठल्याही नळाला, पाइपला, सांध्याला हात लागणार नाही.

"मला एवढंच बघायचंय, की हा माणूस माझ्या शेजारी रिकाम्या हातांनी बसू शकतो का," ती म्हणाली. "नसेल जमत तर पुढच्या वेळेपासून मी मैत्रिणींबरोबर जाईन. ह्यांनी घरी बसून वॉशर बदलावेत."

भाऊजींनी मान डोलावली. पंच म्हणून मला बरोबर घेतलं. मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे माझ्या हातून काहीही दुरुस्त होणार नाही याची घरात पक्की खात्री आहे.

गाव लहानसं आणि वाफाळलेलं होतं. गटारांतूनसुद्धा वाफ येत होती. गंधकाचा वास असा, की कोणीतरी अंडी उकडत ठेवून गावाला गेलंय असं वाटावं. दुसऱ्या दिवशी तो आपल्याला येईनासा होतो; घरी परतल्यावर इतरांना येतो. रस्त्यावर सगळे पंचे आणि सपातांत हिंडत होते. त्यामुळे साहेब कोण आणि खाटीक कोण ते कळत नव्हतं आणि सगळेच सगळ्यांशी जपून बोलत होते. स्नानगृहात 'शांतता राखा' अशी पाटी होती. तिच्याखाली बसून लोक आपापल्या गुडघ्यांविषयी मोठ्याने बोलत.

आमची भाड्याची खोली एका घराच्या तळमजल्यावर होती, मागच्या अंगणात उघडणारी. अंगणात एक बाक, समोर जुनी दगडी भिंत. भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर एक चीर होती, तिच्यातून करंगळीएवढी धार खालच्या दगडी कुंडात पडत होती आणि कुंडातून वाहून झुडपांत जात होती. अगदी रमणीय देखावा. भाऊजींनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

स्नानगृहात बायका-पुरुषांची सोय वेगळी, म्हणून शेजारी बसायचं ते अंगणातल्या बाकावरच. पहिल्या संध्याकाळी भाऊजी बसले. हात गुडघ्यांवर, नजर चिरेवर. ताई म्हणाली, हवा किती छान आहे. भाऊजी म्हणाले, सांधा गेलाय. ताईने माझ्याकडे पाहिलं. नुसतं बोलणं नियमाबाहेर नाही, असा निर्णय मी दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ताई घरमालकिणीबरोबर स्नानगृहात गेली. भाऊजी म्हणाले, जरा बघून येतो. 'जरा बघून येणारा' माणूस नुसतं बघून आला आहे, असं माझ्या पाहण्यात नाही. त्यांनी मोडक्या झाडूच्या दांड्याचा तुकडा शोधला, त्याला माझा रुमाल गुंडाळला, तो चिरेत खुपसला आणि बुटाच्या टाचेने ठोकला. धार थांबली.

"हत्यार कुठे वापरलंय मी?" मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले.

मी विचार केला. बूट हे पादत्राण आहे. रुमाल तर माझाच होता, म्हणजे मीही गुंतलो होतो. मी निकाल राखून ठेवला. भाऊजींच्या चेहऱ्यावर मात्र अशी तृप्ती पसरली, की जी दोन दिवसांच्या उकळण्याने आली नव्हती.

ती चहापर्यंत टिकली. आधी घरमालकीण स्नानाहून परतली आणि आमच्या खोलीत डोकावून ओरडली. खाटेखालच्या फरशांच्या फटींतून गरम पाणी वर येत होतं आणि आमच्या सपाता खोलीभर फिरायला निघाल्या होत्या. आम्ही त्या पकडत होतो, तेवढ्यात अंगणाचं फाटक उघडलं आणि गावातली म्हातारी मंडळी आत आली. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं स्टूल, खांद्यावर टॉवेल. त्यांनी कुंडाभोवती स्टुलं मांडली, मोजे काढले, घडी करून खिशात ठेवले आणि पाय आत सोडले.

कुंड कोरडं होतं.

इतके पाय एकदम हिरमुसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

नेमकी त्याच वेळी ताई आली, केस ओले, गाल लाल. तिने कुंड पाहिलं, भिंत पाहिली, चिरेतून लोंबणारं माझ्या रुमालाचं टोक पाहिलं. मग तिने भाऊजींकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी ढगांचं निरीक्षण करू लागलो.

भाऊजींना गप्प बसता आलं असतं. पण ते पुढे झाले.

"मीच केलं," ते म्हणाले. "मला गळती वाटली."

मंडळींतले सगळ्यांत म्हातारे एक शिंपी आजोबा होते. त्यांनी वाकून बूच न्याहाळलं, शिवण बघावी तसं. "काम पक्कं आहे," ते म्हणाले. "दर वर्षी एक येतोच. गेल्या वर्षीचा सिमेंट घेऊन आला होता."

सिमेंटचं काय झालं, असं भाऊजींनी अगदी धंद्यातल्या माणसाच्या कुतूहलाने विचारलं. पाण्याने ते उडवून एका आजींच्या मांडीवर टाकलं होतं. त्या आजी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला.

भाऊजींनी पक्कड मागितली, तशा सगळ्या माना एकदम नकारार्थी हलल्या. लाकूड फुगलंय, ओढलं तर दगडाची कड निघेल, असं त्यांचं म्हणणं. पाणीच बूच आपणहून बाहेर फेकेल.

"मग मी काय करू?" भाऊजींनी विचारलं.

"बसा," शिंपी आजोबा म्हणाले आणि त्यांनी आपलं स्टूल थोडं सरकवलं.

भाऊजी बसले, कोरड्या कुंडात पाय सोडून. हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. आधी त्यांनी गुडघे चोळले, मग बोटं मोडली, शेवटी दोन्ही हात मांड्यांखाली घालून ते हातांवरच बसले.

"हे धरायचं का रे?" ताईने मला दारातून हळूच विचारलं. "शिक्षा म्हणून बसलेला माणूस, बसला असं म्हणतात का?"

मी म्हटलं, याबाबत नियमांत स्पष्टता नाही.

"कॉलेजात काय शिकवतोस कोण जाणे," असं म्हणून तिने घरमालकिणीकडून स्टूल घेतलं आणि भाऊजींच्या शेजारी जाऊन बसली.

भाऊजी कुंडात बघत म्हणाले, "मला नुसतं बसता येत नाही गं. बसलो की वाटतं, आता तू काहीतरी विचारशील."

"काय विचारीन?"

"तेच तर माहीत नसतं."

सिमेंटवाल्या आजी खुदकन हसल्या. ताईने ओठ दाबून धरले होते, तेही सुटले.

"बरं, विचारते," ती म्हणाली. "अहो, पाय कसे आहेत?"

"गार," भाऊजींनी प्रामाणिकपणे सांगितलं.

पुढच्या प्रश्नापर्यंत मजल जायच्या आत भिंतीतून घसा साफ केल्यासारखा आवाज आला. बूच माझ्या रुमालासकट आजोबांच्या टकलावरून सूं करत गेलं आणि झुडपांत पडलं. धार सुटली. कुंडाभोवती एक लांबलचक 'हां' उमटला. तुंबल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा कढत आहे, असं मंडळींचं मत पडलं. थोडक्यात, आगंतुकाच्या कामाची एकंदरीत वाखाणणी झाली.

आता भाऊजींना कोणी धरून ठेवलं नव्हतं. त्यातच खोलीतून घरमालकिणीची हाक आली: फरशीतून येणारं पाणी थांबलंय, पण मोरी तुंबलीय, या कामातलं कोणाला काही कळतं का?

भाऊजींची पाठ ताठ झाली. एक हात मांडीखालून बाहेर आला. ताई पाण्याकडेच बघत होती. ती किंचितही सरकली नाही.

"मी पाहुणा आहे हो," भाऊजींनी ओरडून उत्तर दिलं, मग माझ्याकडे वळले. "तू जा. एखादी तार घे आणि घाल आत. फिरवत राहा."

मी गेलो. जन्मात पहिल्यांदा मोरीत कोपरापर्यंत हात घालून मी खिडकीतून बाहेर पाहिलं. भाऊजी बसलेलेच होते. हात उघडे, मांडीवर, रिकामे. थोड्या वेळाने त्यांतला एक ताईच्या हातात गेला. त्यामुळे तो रिकामा धरायचा की नाही, हा नवाच पेच पंचांपुढे उभा राहिला.