टॅन्सी कुणाची

"या मुलीच्या नावावर आधीच कुणीतरी करसवलत घेतलीय," हॅस्केल म्हणाले.

चर्चच्या तळघरात ते गावकऱ्यांचे कराचे कागद फुकट भरून देत. समोर ओर्ला बसली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी ही बाई दरवर्षी या सवलतीतून परत मिळणाऱ्या पैशांवर नात टॅन्सीचे बूट आणि हिवाळ्याचं सरपण आणायची. कुणी घेतली असेल, हे तिला विचारावं लागलं नाही. क्रिस्टल. तिची मुलगी, टॅन्सीची आई.

"मूल ज्याच्याकडे राहतं, सवलत त्याची. तुम्ही खरं ते लिहा. मग सरकार दोघांकडे पुरावा मागेल."

"पोरीच्या ताब्याचा कोर्टाचा कागद नाही हो माझ्याकडे. क्रिस्टल पोर सोडून गेली, ती गेलीच."

"त्याची गरज नाही. शाळेचा दाखला पुरे."

पण ओर्लाला भीती दाखल्याची नव्हतीच. क्रिस्टल चिडली आणि पोरीला, ती ज्याच्याबरोबर राहते त्या ड्वाइटच्या घरी घेऊन गेली तर? दारू चढली की तो बंदूक काढायचा. सही न करताच ती उठली.

घरी येऊन तिने धीर करून फोन लावला.

"सरकारला सांगणारेस माझं?" क्रिस्टल ओरडली. "पोरगी माझीय! आत्ता येते न्यायला!"

ओर्लाने दाराला कडी घातली. चुलीवर घेवडा करपला, तरी तिला कळलं नाही. "आजी, कडी का गं लावलीस?" टॅन्सीने विचारलं. "थंडी आहे," ती म्हणाली.

दिवेलागणीला गाडी वाजली. क्रिस्टल एकटीच होती; ओठ सुजलेला. ओर्लाने दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिली.

"सरक, आई."

"नाही सरकणार." ओर्लाने दोन्ही हातांनी चौकट धरली.

आजीच्या मागून टॅन्सी पुढे आली. आईकडे बघत राहिली, मग पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाली, "आत या ना."

क्रिस्टलचा चेहरा उतरला. पोरीच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली, तशी ती घाईने खाली बसली.

"मला येते बांधता," टॅन्सी म्हणाली आणि पाय मागे घेतला.

क्रिस्टल तशीच बसून त्या इवल्या बोटांकडे पाहत राहिली. "कितवीत आहे गं ही?"

"दुसरीत," ओर्ला म्हणाली. "ओठाला काय झालं? राहा आज इथेच."

"तो शोधत येईल." क्रिस्टल उठली. "लिही तू, आई. तुझ्याकडेच असते म्हणून. पैसे मी फेडीन कसेतरी."

सोमवारी ओर्लाने सही केली. "आता घाबरायचं कारण नाही," हॅस्केल म्हणाले.

"तिला काय करतील?"

"घेतलेलं परत मागतील. दंडही होईल कदाचित."

ओर्लाने पेन खाली ठेवलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "ती परत आली तर... माझ्या कागदात तिच्या वयाचं लेकरू दाखवता येतं का हो?"

हॅस्केलनी चष्मा काढून पुसला आणि नियमांचं पुस्तक पुढे ओढलं.