साहेबांचा उसना हात

लस यायच्या आधी 'लस संपली' ही पाटी आली. तीही साधीसुधी नाही, चांगली पत्र्याची, पांढऱ्यावर लाल ऑइलपेंटने रंगवलेली, उन्हापावसाला दाद न देणारी. आरोग्य केंद्राच्या दारावर ती ठोकून झाल्यावर आठवड्याभराने लसीची गाडी आली. डबे उतरले, मोठ्या साहेबांच्या केबिनमधल्या फ्रीजमध्ये गेले आणि पाटी खरी ठरली. सरकारी कामात एवढी दूरदृष्टी सहसा बघायला मिळत नाही.

शिंपी रोज सकाळी बायकोला घेऊन त्या पाटीखाली रांगेत उभा राही. बायकोला जुना दमा. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "मास्तर, हिला या साथीने गाठलं तर मला बोलवायला येऊ नका. माझ्या हातात काहीच उरणार नाही. आधी लस टोचून घ्या." तेव्हापासून शिंप्याची झोप उडाली होती. कुणी रस्त्यावर शिंकलं तरी तो दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढी. बायको मात्र आत बसून काजं करता करता म्हणे, "अहो, मशीन चालवा. माझ्याकडे बघून पायजमा शिवून होणार नाही."

लस कुठे मुरत होती हे गावाला ठाऊक होतं. साहेबांच्या बायकोने घेतली, सासूने घेतली, सासूच्या पत्ते कुटणाऱ्या मैत्रिणींनी घेतली. साहेबांच्या कुत्र्याला 'रात्रपाळीचा सुरक्षा कर्मचारी' म्हणून टोचली, आणि खोटं कशाला बोला, त्या बिचाऱ्याला आदल्या दिवसापर्यंत रात्री भुंकायचीही सवय नव्हती. उरली ती साहेबांनी स्वतः घेतली. साहेब भित्रे. शेजारी खोकला, एक घेतली. टीव्हीवर आकडे वाढले, आणखी एक घेतली. बायकोशी भांडण झालं, तर मन शांत व्हावं म्हणून घेतली. शेवटी केंद्रातल्या सिस्टरने सुई खाली ठेवली. "साहेब, आता बास. आणखी एक टोचली तर तुम्ही पाणी प्यालात की दंडातून कारंजं उडेल."

साहेबांनी त्या दिवसापासून घोटाघोटाने पाणी प्यायला सुरुवात केली.

आणि नेमका तेव्हाच मंत्र्यांचा निरोप आला. साहेबांनी मागे कुठल्याशा वर्तमानपत्राला सांगितलं होतं, 'शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत मी लसीला हात लावणार नाही.' मंत्री तो त्याग वाचून गहिवरले होते. सोमवारी ते स्वतः नव्या लसीची पेटी घेऊन येणार होते आणि साहेबांना, फोटोवाल्यांच्या समोर, त्यांच्या आयुष्यातली पहिली लस देववणार होते.

त्याच संध्याकाळी हेडक्लार्क शिंप्याच्या दुकानात शिरला.

"मास्तर, साहेबांचा कोट शिवायचाय. डावी बाही मागून उघडी ठेवायची."

"मागून उघडी? मग हात कुठून घालायचा?"

"साहेबांनी घालायचाच नाही. साहेबांचा हात आत, पोटावर. खुर्चीमागे पडदा, पडद्यामागे दुसरा माणूस. त्याचा हात बाहीत. दंडावर एक झडप ठेवा, तेवढीच उघडायची. खाली हातमोजा, तोंडाला मास्क. सध्या सगळेच तसे असतात, कोण बघतंय!"

शिंप्याच्या तोंडातून टाचणी गळून पडली. "आणि दुसरा माणूस कोण?"

"माझा मेहुणा. घरचा माणूस, तोंड उघडत नाही."

"म्हणजे लस त्याला लागणार."

"आता सुई काय साहेबांचं नाव विचारून आत शिरते? ज्याचा हात, त्याची लस."

शिंप्याने वाकून टाचणी उचलली. "भाऊसाहेब, मेहुण्याऐवजी माझ्या बायकोचा हात चालेल का? तिला दमा आहे हो."

हेडक्लार्क खो खो हसला. "साहेबांना बायकी हात? अहो, पदाचा तरी मान ठेवा! कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग वहिनींचंही बघू."

हे 'बघू' शिंप्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. दुकानासमोरचा खड्डा त्याच 'बघू'वर त्याच्या लग्नापासून उघडा होता.

मेहुणा मापाला आला. दंड म्हणजे अक्षरशः लोड. शिंप्याने टेप लावली, मोठ्याने माप सांगितलं, मान डोलावली, मेहुण्याला दारापर्यंत सोडलं. मग आत जाऊन बायकोला म्हणाला, "अगं, हात पुढे कर."

"मला काय शिवताय? सणासुदीलाही कधी मेहेरबानी नाही."

"तुला नाही, साहेबांना शिवतोय."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं आणि हात लांब केला. तिच्या काडीसारख्या हाताचं माप शिंप्याने दोनदा घेतलं. त्याने बाही तिच्या मापाची कापली, आत कॅनव्हासचं दुहेरी अस्तर घातलं आणि असा पक्का टाका मारला, की बैल जुंपले असते तरी ती उसवली नसती.

सोमवारी सभागृहात खुर्ची मांडली, पडदा लागला. साहेब कोट चढवून बसले, डावा हात आत, पोटाशी. शिंपी आणि त्याची बायको बटणं टाचायच्या निमित्ताने हजर. बाहेर मंत्र्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि मेहुण्याने पडद्यामागून बाहीत हात घातला. हात मनगटापर्यंत गेला आणि तिथेच रुतला.

"ढकल!" हेडक्लार्क दातओठ खाऊन म्हणाला.

"ढकलतोय की, भावजी! जातच नाही!"

तोंड न उघडणाऱ्या मेहुण्याचं तोंड उघडलं ते एवढं, की साहेब खुर्चीत उडाले. "काय चाललंय मागे? ते आले! आले ते!"

"मास्तर, बाही उसवा!"

"उसवतो की," शिंपी हात जोडून म्हणाला. "पण मग ती साहेबांच्या खांद्यावरून निघून मंत्र्यांच्या बुटावर पडेल. चालेल?"

हेडक्लार्कने स्वतःचा हात घालून पाहिला, तो कोपराशी अडकला. जिन्यावर बुटांचा आवाज आला. तेव्हा शिंप्याच्या बायकोने सुई पदराला खोवली. "सरका जरा," ती म्हणाली, मेहुण्याला स्टुलावरून उठवून बसली आणि बाहीत हात घातला. गेला तो असा, जसा म्यानात सुरा.

मंत्री आले. फोटोवाले आले. झडप उघडली. मंत्री वाकून म्हणाले, "फारच वाळलात हो तुम्ही!"

"जनतेची काळजी," साहेब म्हणाले. जनतेच्या काळजीने साहेबांचा एकच हात वाळला होता, पोट जागच्या जागी होतं. पण मंत्र्यांसमोर असले फरक कोण काढतो!

सिस्टरने दंड हातात घेतला आणि थबकली. रोज रांगेत दिसणाऱ्या बाईचा कोपराजवळचा इस्त्रीचा चटका तिने ओळखला. सिस्टरने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि सुई नेमकी आत घातली.

"आई गं!" पडद्यामागून बारीक आवाज आला.

"आई गं," साहेब मास्कमधून घाईघाईने म्हणाले.

मग खोकला आला. दमेकऱ्याचा खोकला, एकदा लागला की थांबायचं नाव नाही. मागे बाई खोकते, पुढे साहेब खांदे उडवतात. तेवढ्यात साहेबांच्या कपाळावर माशी बसली, आणि साहेब गदागदा हलले तेव्हा उसन्या हाताला वाटलं काहीतरी चाललंय, म्हणून त्याने अंदाजाने एक फटका हाणला. माशी उडाली. फटका साहेबांच्या कानशिलात बसला.

"स्वतःला असं मारून घेऊ नका," मंत्री गहिवरून म्हणाले. "तुमच्यासारखे कर्तव्यकठोर अधिकारी मी पाहिले नाहीत. या माणसाने लसीचा एक थेंबही वाया जाऊ दिला नाही!"

एवढं बोलून मंत्री थांबले. मंत्री थांबले की टाळ्या वाजवायच्या, ही साहेबांची नोकरीभराची सवय. ती त्यांच्या हाडात इतकी मुरली होती की झोपेतही कुणी घसा खाकरून गप्प झालं तर ते टाळ्या वाजवत. साहेबांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी. डावा हात बटणं तोडून कोटातून बाहेर आला, त्यावर तीन अंगठ्या चमकत होत्या. आणि कोटाच्या बाहीतला हात, दंडावर कापूस लावून, शांतपणे खुर्चीच्या हातावर पडला होता.

हेडक्लार्क छताचा पंखा न्याहाळू लागला. फोटोवाले तेवढ्यात चहाकडे धावले होते. एकाने जाता जाता फोटो काढला होता, पण साहेबांचा इतक्या कामांत हात असे की पेपरात तो फोटो बघून कुणी हात मोजले नाहीत.

मंत्र्यांनी साहेबांसकट सगळ्यांना बाहेर काढलं. "कोट कुणी शिवला?"

हेडक्लार्कचं बोट शिंप्याकडे वळलं, आणि हेडक्लार्कही बाहेर गेला. शिंप्याला समोर तुरुंगाचे गज दिसू लागले. पण पडद्यामागे सिस्टर त्याच्या बायकोला पाणी देत होती, आणि लस आत गेली होती. ती आता कुठलाही मंत्री बाहेर काढू शकत नव्हता. शिंपी ताठ उभा राहिला.

"मी शिवला."

मंत्र्यांनी दार लावून घेतलं, जवळ आले आणि मास्क खाली ओढून कुजबुजले, "मास्तर, पुढच्या महिन्यात राजधानीत मलाही कॅमेऱ्यासमोर टोचून घ्यायचीय. माझ्या अंगात आधीच या तुमच्या साहेबांपेक्षा जास्त गेल्यात. असाच एक कोट पाहिजे. टाळ्या वाजवल्या तरी न फाटणारा."

शिंप्याने गळ्यातली टेप काढली. छाती मोजली, कंबर मोजली, पाठ मोजली.

"बाहीचं राहिलं," मंत्री म्हणाले. "कुणाचा हात घालायचा ते अजून ठरवलं नाही."

पडद्यामागे बायको खोकली. सिस्टर तिला हळूच सांगत होती, दुसरी लस महिन्याने घ्यायची, चुकवायची नाही.

"साहेब, त्याची चिंता सोडा," शिंपी टेप गुंडाळत म्हणाला. "बाहीचं माप माझ्याकडे आहे."