गुडघ्याएवढे कोनाडे

"तळघरात उतरशील तेव्हा मेणबत्ती घे, पोरी. एकेका कोनाड्यात ठेवत जा. जिथं विझेल तिथून मागं फिर."

क्लेमंटनं हे सांगितलं तेव्हा तॅमसिन हसली होती. जिन्यालगत, गुडघ्याच्या उंचीवर, काजळलेले कोनाडे होते खरे. पण 'लंगडा हंस' तीनशे वर्षांचा पब. पाहुण्यांना ती ठोकून द्यायची, की या चोरट्या दारूवाल्यांच्या खुणा. म्हाताऱ्या क्लेमंटनं चाळीस वर्षं हा पब चालवला होता. आता तो तॅमसिन आणि तिचा नवरा हेडली यांच्या हाती देऊन शेकोटीपाशी बसून टोमणे मारायचा.

"आता बिअरचा गॅस गळला की कोकलणारा भोंगा आहे की भिंतीवर," ती म्हणाली होती.

आज सकाळी तो भोंगा कोकलला. हेडली बाजारात गेलेला, बाळाचा नुकताच डोळा लागलेला. उगाच वाजतोय म्हणत तिनं खटका बंद केला, आणि हेडली परतल्यावर त्याला तसं सांगितलंही.

आणि आता हेडली बिअरचं पिंप बदलायला तळघरात जाऊन बराच वेळ झाला होता, तरी वरच्या नळातून नुसता फेसच येत होता.

"हेडली!"

खालून काहीच नाही. बाळाला कडेवर घेऊन ती जिन्याकडे धावली. क्लेमंटनं काठी आडवी घातली.

"सोडा मला! तो खाली आहे!"

"आणि तू पडलीस, तर या पोराला मी पाजू?"

त्यानं काठीच्या टोकाला मेणबत्ती बांधून खाली सोडली. पहिल्या कोनाड्याशी ज्योत नीट होती. दुसऱ्याशी, कुणी चिमटीत धरावी तशी विझली; पिंपांचा जड गॅस तिथवर साचला होता.

क्लेमंट ओरडला,

"रस्त्याकडची झडप उघड! पोर दे इकडं!"

बाहेर धावत जाऊन तिनं झडपेची लोखंडी कडी दोन्ही हातांनी ओढली. पिंपं सोडायच्या उतरणीवर, अगदी वर, फटीला तोंड लावून हेडली पडला होता. कॉलर धरून तिनं त्याला रस्त्यावर ओढलं. ओठ निळे. मग एक खोकला. मग दुसरा.

अग्निशमनवाले आले. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "भोंगा बंद कुणी केला?"

तॅमसिननं तोंड उघडलं.

"मी," हेडलीनं नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "सकाळी. बाळ उठलं असतं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त तिची बोटं दाबून धरली.

हे वाचताना तुमच्या घरचं कुणी खाली, मागं, न्हाणीघरात गेलेलं असेल, आणि बराच वेळ खुडबूड ऐकू आली नसेल, तर पुस्तक ठेवा. आधी एक हाक मारून या.