पायगुणाचा दगड

त्या घरातल्या घड्याळात सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती, तेव्हा सगळं सुरू झालं. मी दगड बोलतोय. माझं वय विचाराल तर मला सांगता यायचं नाही, पण ही वेळ मात्र माझ्यावर कोरल्यासारखी आहे. त्याआधीचं थोडं सांगतो, म्हणजे नीट कळेल.

मी ज्वालामुखीच्या पोटातून आलो. वर येऊन निवलो, काळा आणि टणक झालो. वाटलं, आता आपलं कोण काय बिघडवणार? पण जमिनीखालची आग विझली नव्हती. तिच्यावर तापलेलं पाणी भेगाभेगांतून वर यायचं आणि माझ्या अंगात झिरपायचं. घाई नाही, आवाज नाही. माझ्यातलं काही विरघळवून न्यायचं, खालून आणलेलं काही ठेवून जायचं. पाणी तापवायच्या पातेल्याला तळाशी जसा थर धरतो ना, तसंच. माझं टणक अंग भुसभुशीत होऊन त्याची पांढरी माती झाली, आणि भेगांत कणाकणानं एक काळी, जड, आरशासारखी चकाकणारी शीर भरली. ती शिशाची. मी आतून बदललो ते मला कळलंही नाही. हळू होणाऱ्या गोष्टींचं असंच असतं.

मग कधीतरी माणसं आली, खाण झाली. नवी शीर लागली की त्या पाळीच्या लोकांची एक रीत होती. पहिल्या सुरुंगातून निघालेला चांगला तुकडा, ज्याच्या घरी आनंदाची बातमी असेल त्याला द्यायचा. मी निघालो त्याच दिवशी एका ड्रिलवाल्याला मुलगी झाली. सोबत्यांनी मला त्याच्या डब्याच्या पिशवीत कोंबलं. "पोरीच्या पायगुणानं शीर लागली. ने घरी."

खाणीच्या वसाहतीतलं घर दोन खोल्यांचं. वाऱ्यानं दार धाडधाड आपटायचं, म्हणून मला दाराशी ठेवलं. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची, "आमच्या चिमीच्या पायगुणाचा दगड आहे हो." मी फुगून जायचो.

चिमीची आई मात्र काळजीचं भांडं. पोर शिंकली तरी तिचा जीव वरखाली. चिमी रांगायला लागली, आणि पुढे पुढे किरकिरी झाली. खायची नाही, पोट साफ व्हायचं नाही, गाल पांढरे पडले. आई म्हणायची, "हिचं काहीतरी बिनसलंय." आणि सगळे म्हणायचे, "दात येतायत."

त्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी आई फडकं घेऊन माझ्यावरची धूळ पुसायला वाकली. रस्त्याची लाल धूळ माझ्यावर रोजच बसायची. पण माझी एक बाजू न पुसताच स्वच्छ होती. ओली होती. पांढऱ्या मातीत चमच्याएवढा गुळगुळीत खळगा पडला होता, बरोबर रांगत्या पोराच्या तोंडाच्या उंचीवर.

 ती खाली बसली, चिमीला मांडीवर घेतलं आणि बोटानं तिचा ओठ वर केला.

"अहो आई, हिच्या हिरड्यांना हे पांढरं काय लागलंय?"

"माती असेल," आजी तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "हिरड्या शिवशिवतात, थंड बरं वाटतं तिला. मीच बसवते की त्याच्यापाशी."

"रोज?"

"मग? दगड चाटून कुणी दगावल्याचं ऐकलंयस? काळजी करायची नोकरी असती ना, तर तू एव्हाना साहेब झाली असतीस."

 लंगोटांच्या पिशवीत आईनं मला घातलं, चिमीला कडेवर घेतलं आणि भर उन्हात दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "दगड कशाला आणलात?"

"पोरीनं काय खाल्लं ते तुम्ही विचारणार. म्हणून आणलाच."

बाईंनी मला खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिलं. मग त्या हसल्या नाहीत. चिमीचं रक्त काढलं, तेव्हा तिनं असा टाहो फोडला की मला पहिल्यांदा माझ्या वजनाची लाज वाटली.

"हे चकाकतंय ते शिसं आहे. मातीतही ते मिसळलेलं असणार. लेकरांच्या अंगात थोडंसुद्धा गेलं तरी वाईट. असे दगड तुमच्या ओळीत किती घरांत आहेत?"

आईनं चिमीला छातीशी घेतलं. "दर दुसऱ्या दाराशी. चकाकतात म्हणून सगळेच आणतात."

तपासणीचा निकाल यायला दिवस लागले. घरात कुणी धड जेवलं नाही. निकाल आला तेव्हा बाई म्हणाल्या, "शिसं आहे. नको तेवढं आहे. पण तुम्ही वेळेत आलात."

ड्रिलवाला एवढंच म्हणाला, "मीच आणला गं."

"आनंदानं आणला होतात," आई म्हणाली. "आता कामाचे कपडे तेवढे बाहेर काढत जा. ती धूळही वाईट, बाई म्हणाल्या."

माझं काय करायचं? तो म्हणाला, टाकून देतो. तेव्हा आजी बोलली, "टाकू नकोस. उद्या दुसरं कुणाचं पोर उचलेल."

म्हणून मी आता दवाखान्यात आहे, काचेच्या बंद बरणीत. चिमी तपासणीला येते. रक्तातल्या शिशाचा आकडा उतरतोय, ती खाते, भांडते. तिच्याबरोबर आजी येते, माझ्याशेजारच्या बाकावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगते, "आमच्या चिमीचा दगड आहे हो. तुमच्या दाराशी आहे का असला? आधी काढा."

मी वाईट नाही. खाणीत, भट्टीत माझा उपयोग आहे. फक्त लेकराच्या तोंडाशी माझी जागा नाही. पाण्यानं माझ्यात जे आणून ठेवलं, ते एका पोरीच्या लाळेनं बाहेर काढलं, आणि दोन्ही वेळा कसला आवाज झाला नाही. आवाज होत नाही, म्हणून सांगावं लागतं. मला तर बरणीतून उठता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. खाणीवरचं कुणी ओळखीचं असेल, कुणाच्या खिडकीत माझा एखादा भाऊबंद चकाकत असेल, तर त्या घरच्या आईला एवढं सांगा. आणि तिला म्हणावं, तू पुढच्या दारी सांग.