सहा जणांच्या बॅगा

"काका, राहू दे. माझी बॅग मी चढवते," क्षिप्रा म्हणाली.

"नको मॅडम, द्या इकडे," म्हणत वॉल्टरने बॅग तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

ती सहावी, शेवटची. व्हॅनमध्ये ढकलताना त्याच्या जांघेत अशी कळ गेली की त्याने एका हाताने दार धरलं, दुसरा पोटाखाली दाबला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग दार लावून स्टिअरिंगवर जाऊन बसला. क्षिप्रा बघत होती.

छप्पन्न वर्षांचा वॉल्टर कोपरीत राहायचा आणि वागळे इस्टेटजवळच्या एका हॉटेलची व्हॅन चालवायचा. एका विमान कंपनीचे वैमानिक आणि क्षिप्रासारखी विमानातली कर्मचारी माणसं तिथे मुक्कामाला असत. त्यांना विमानतळावरून आणायचं, परत सोडायचं. तो लागलेला ड्रायव्हर म्हणूनच. पण कोविडनंतर हॉटेलने सामान उचलणारी दोन माणसं कमी केली आणि बॅगा आपसूक त्याच्याकडे आल्या. बॅगा उचलायच्या म्हणून टिप मिळायची, आणि पगार घरभाड्यात नि औषधांत जायचा तेव्हा चूल त्या टिपवर पेटायची.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने हर्निया सांगून दोन महिने झाले होते. ऑपरेशन फुकट होतं. पण नंतर तीन महिने वजन उचलायचं नाही. तीन महिने त्याची जागा कोण धरून ठेवणार होतं? त्याने हॉटेलात कोणाला सांगितलं नाही. रोज सकाळी त्याची बायको अँजेला त्याच्या कमरेला पट्टा बांधायची.

"आणखी आवळ."

"श्वास तरी घेता येतोय का तुला?"

"तू आवळ गं."

व्हॅन हायवेला लागली तशी मागे चर्चा सुरू झाली. कॅप्टन इंग्रजीत बोलत होता. ड्रायव्हरला इंग्रजी कळत असेल हे त्याच्या मनातही नव्हतं, पण वॉल्टर दहावीपर्यंत मिशनच्या शाळेत शिकला होता.

"टिप कशासाठी? आपल्याला प्रवासी टिप देतात का? त्याला पगार आहे, मला पगार आहे."

"सर, बॅगा चढवणं त्यांचं काम नाहीये. ड्रायव्हर आहेत ते," क्षिप्रा म्हणाली.

"मग नको चढवू दे."

"ठीक आहे. आपापल्या आपण उचलू या."

हा वाद वॉल्टरच्या डोक्यामागे आजवर कितीदा झाला होता. द्यावी, देऊ नये, किती द्यावी. त्याने कधी आरशात पाहिलंसुद्धा नाही. आज मात्र त्याला वळून सांगावंसं वाटलं, पोरी, गप्प बस गं.

विमानतळावर तिने त्याला खालीच उतरू दिलं नाही. सगळ्यांनी आपापल्या बॅगा काढल्या, कॅप्टननेही. क्षिप्रा मूळची डोंबिवलीची, आता बंगळुरात असायची, म्हणून त्याच्याशी मराठीत बोलायची. खिडकीशी येऊन म्हणाली, "हर्निया आहे ना, काका? बाबांना होता. तेही असाच हात दाबून धरायचे."

"कोणाला सांगू नका, मॅडम."

मागून हॉर्न वाजत होते. तिने घाईने एक नोट त्याच्या खिशात कोंबली, मान हलवली आणि पळाली. तिने ऐकलं की नाही, ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नवलच झालं. येणारी प्रत्येक टीम आपल्या बॅगा आपणच उचलू लागली. वर कोणी टिप द्यायचं, कोणी "कसे आहात?" विचारायचं. अँजेला म्हणाली, "देवानंच धाडली ती पोरगी." बारा दिवस वॉल्टरने पट्टा थोडा सैल बांधून घेतला.

तेराव्या दिवशी दुपारी मॅनेजर दिपेशने त्याला काउंटरपाशी बोलावलं.

"काका, हर्निया आहे तुम्हाला?"

वॉल्टरने शर्ट पट्ट्यावरून खाली ओढला.

"विमान कंपनीकडून मेल आलाय. क्षिप्रा मॅडमनी कळवलं म्हणे. तक्रार नाही, कौतुकच केलंय. ड्रायव्हर आजारी आहेत, सामानाला माणूस द्या म्हणून. पण आता लेखी आलंय ना. उद्या गाडीत तुम्हाला काही झालं तर माझ्यावर येतं."

"काय होत नाय, साहेब."

"माणूस वाढवायला वरून परवानगी नाही. दुसरा ड्रायव्हर बोलावलाय, येईलच आता. तुम्ही ऑपरेशन करून घ्या. मग बघू."

ते 'मग बघू' वॉल्टरला नीट समजलं.

"मी उचलतो ना, साहेब. बघा तुम्ही."

लॉबीत निघालेल्या टीमच्या सहा बॅगा रांगेत उभ्या होत्या. त्याने दोन हातांत दोन उचलल्या, पोर्चमध्ये नेल्या, व्हॅनमध्ये चढवल्या. परत येऊन आणखी दोन घेतल्या. तेवढ्यात लिफ्टमधून क्षिप्रा बाहेर आली. धावत येऊन तिने एक हँडल धरलं.

"काका, काय करताय हे?"

"हात लावू नका, मॅडम!"

सगळी लॉबी वळून बघू लागली. त्याने आवाज खाली आणला. "प्लीज. साहेब बघतायत."

तिने हात काढून घेतला. दिपेशकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

चार बॅगा चढल्या. पाचवी गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. वॉल्टर बॅगेला धरून हळूहळू पोर्चच्या फरशीवर बसला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. बॅग होती कॅप्टनची. तो पुढे आला, ती उचलून व्हॅनमध्ये ठेवली, मग जाऊन सहावीही आणली. दिपेश फोनमध्ये बघत राहिला.

क्षिप्रा वॉल्टरच्या शेजारी उकिडवी बसली. "मी चांगल्यासाठी लिहिलं, काका."

"माहीत आहे मला."

"मी काय करू? सांगा ना."

नवा ड्रायव्हर येऊन गाडीत बसला होता. कॅप्टनने दोनदा घड्याळ पाहिलं. ती उठली.

आता ऑपरेशनला वेळच वेळ होता. तारीख पुढच्या महिन्याची मिळाली. रोजचं कसं भागवायचं, ते घरात कोणी कोणाला विचारत नव्हतं.

युनिफॉर्म परत द्या, असा हॉटेलातून फोन आला. "असाच नको," अँजेला म्हणाली. तिने दोन्ही शर्ट धुतले, कॉलर ब्रशने घासली, कडक इस्त्री केली. वॉल्टर ते दोन्ही हातांवर आडवे धरून हॉटेलात गेला.

काउंटरवर नवीन मुलगी होती. तिने कपड्यांकडे पाहिलं.

"कुठल्या रूमची लाँड्री, काका?"

"रूमची नाय. स्टाफची."

"मग मागच्या दाराने द्या ना."

"बरं," वॉल्टर म्हणाला, आणि घडी विस्कटू न देता, भिंतीच्या कडेकडेने मागच्या दाराकडे चालू लागला.