खवल्याचे शेपूट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी मोहरा आहे. उंची अंगठ्याएवढी. धड माणसाचे, शेपूट आणि पाठीवरचे खवले मात्र खवल्या मांजराचे. १९८३ साली नाशिकरोडच्या एका शाळेत बाक मोडला. त्याच्या फळीतून तिथले कारकून भिमाजी यांनी मला चाकूने कोरले.

त्याच शाळेतले चित्रकला शिक्षक निवृत्ती सर यांच्या भावाने परदेशातून एक खेळ आणला होता. प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, फासे टाकायचे आणि सर रचतील त्या संकटातून वाट काढायची. दर रविवारी दुपारी सरांच्या घरी डाव बसे. कोणी राजपुत्र होई, कोणी तिरंदाज. भिमाजी मात्र नेहमी खवल्याच.

"अहो भावजी, एवढी चांगली माणसं सोडून हे शेपूट कशाला लावून घेता?" सरांच्या पत्नी यशोदाबाई चिडवत.

"वहिनी, शेपूटवाल्याला कुणी आडनाव विचारत नाही. खवल्याला खायला मुंग्या लागतात, पण पोहे असतील तर चालतील!"

शाळेत मोजके बोलणारे भिमाजी माझ्या आडून राजांना दरडावत, तटाखालून भुयारे खणत, मोठ्याने गात. त्यांच्या बोटांची ऊब मला अजून आठवते.

१९८५ च्या जानेवारीत आम्ही किल्ला जिंकला. बक्षीस म्हणून सरांनी मोठ्या आनंदाने जाहीर केले, "खवल्या, तुझा शाप सुटला! तू माणूस झालास. सांग आता, आडनाव काय? गाव कुठलं?" खवल्याच्या माहितीच्या कागदावर 'माणूस' लिहून, पेन्सिल सरसावून ते थांबले.

भिमाजी बौद्ध वस्तीत वाढलेले. आडनाव ऐकले की समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे त्यांनी लहानपणापासून अनुभवले होते. सरांचा आवाज कधी बदलला नव्हता. पण प्रश्न तोच होता.

"तो शाप नव्हता, सर," भिमाजी म्हणाले. चहा संपवून ते उठले. पुढच्या रविवारी आले नाहीत.

"तुम्ही त्यांचं शेपूट कापलंत," यशोदाबाई म्हणाल्या.

सरांनी कागदावरचा 'माणूस' खोडला. शाळेत माफीही मागितली. "तसं काही नाही, सर," एवढेच उत्तर मिळाले. जूनमध्ये भिमाजींची मनमाडला बदली झाली.

त्याला चार वर्षे झाली. अजूनही रविवारी सर मला पेटीतून काढतात, धूळ पुसतात, तटापाशी ठेवतात. माझ्यासाठी फासे कोणी टाकत नाही.

मित्रांनो, तुमच्या खेळात कोणी अस्वल होईल, कोणी झाड. त्याला माणूस करण्याची घाई करू नका. त्याला तिथे काय मिळते, ते आधी पाहा. माझा एकही खवला निघालेला नाही. मनमाडहून कोणी आलेच, तर शेपूट तयार आहे.