काचेतली निळी पट्टी

किल्ल्याशेजारच्या दुकानाच्या काचेत पॅट्रिकचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्या छातीवर नखाएवढी निळी पट्टी दिसत होती. लिलीने नवऱ्याने पाठवलेला फोटो दोन बोटांनी मोठा केला. पट्टीच्या टोकाला पांढरं कार्ड. जहाजाचं ओळखपत्र. नोकरी संपवून उतरणाऱ्याला ते शिडीपाशीच जमा करावं लागतं, हे त्यानेच तिला कधीतरी सांगितलं होतं.

आज तो सान हुआन बंदरात जहाज कायमचं सोडून तिथूनच दुबईचं विमान धरणार होता. संध्याकाळपासून नुसते फोटो येत होते. समुद्रावर झुकलेली गोल चौकी, निळसर विटांचा रस्ता, कबुतरांनी भरलेला चौक.

दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रोशेल शनिवारच्या, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक घालून आरशापुढे उभी होती.

"ममी, डॅडी विल सी इट ऑन सॅटर्डे, नो?"

"हलू नको. टाचण्या टोचतील."

लिलीने फोन लावला.

"बघितलास किल्ला?" पॅट्रिक खुशीत होता. "आपल्या वसईच्या किल्ल्याचा थोरला भाऊ!"

"विमान कितीचं?"

"डिले आहे गं. उद्या, इन्शाल्ला."

"मग गळ्यात कार्ड कसं?"

पलीकडे कुणीतरी गाइड मोठ्याने माहिती सांगत होता. त्याचा आवाज लांब गेला; पॅट्रिक बाजूला सरकला होता.

"चीफने रिक्वेस्ट केली," तो म्हणाला. "दोनच महिने. खलास, मग कायमचा घरी."

"रविवारी तुला देशाबाहेर सहा महिने होतात. इथला व्हिसा रद्द होईल."

"मागच्यासारखा परत येण्याच्या परवानगीचा अर्ज टाक ना. माझ्या व्हिसाची स्पॉन्सर मॅडम तूच आहेस!"

"मागच्या वेळी कारण म्हणून तुझ्या आईचं ऑपरेशन लिहिलं होतं. मी ते लिहीत होते, तेव्हा आई व्हिडिओवर माझ्याशी बोलत बोंबील साफ करत होत्या."

तो हसला. ती हसली नाही.

"लिली, उगाच ताणू नको. थांब, दीपगृहाचा एक मस्त फोटो पाठवतो."

फोन किणकिणला. तिने फोटो उघडला नाही. लॅबमधून घरी येताना मेट्रोत उभ्याउभ्या कितीदा मनात जुळवलेलं वाक्य आज पुन्हा ओठांशी आलं होतं. आरशातून रोशेल तिच्याकडेच बघत होती. लिलीने फ्रॉकच्या काठातली शेवटची टाचणी काढून डबीत टाकली, झाकण लावलं.

"अर्ज मी करणार नाही, पॅट्रिक," ती म्हणाली. "आता येशील तेव्हा टुरिस्ट व्हिसावर ये."